कोण गं रडतंय?

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला लोणच्याच्या बरण्यांविषयी लिहिलं होतं. बरणी नुसती पुसून चालत नाही, दोन उन्हं दाखवून कोरडी ठणठणीत करावी लागते, एवढंच सांगायचं होतं. पण त्यावरून आपल्यापैकी कितीजणींनी आपापल्या आजीच्या बरणीची आठवण कळवली! या वेळीही सुरुवात स्वयंपाकघरातूनच आहे, पण जायचंय जरा लांब, थेट इटलीला, आणि तेही चारशे वर्षं मागं. कंटाळू नका. परत घरीच यायचं आहे.

झालं असं, की माझी मावशी महिनाभर आमच्याकडे राहायला आली आहे. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. वय सत्तरीच्या पुढं, पण हात रिकामा म्हणून नाही. परवा दुपारी ती दळणाचे गहू निवडत होती आणि मी मोड आलेले वाल सोलत होते. शाळेचा तास सकाळचा असतो, त्यामुळे दुपार तशी माझी. तेवढ्यात नणंदेच्या मुलीनं मोबाईलवर एक गाणं पाठवलं. ती पुण्यात पाश्चात्त्य गाणं शिकते. खाली लिहिलं होतं, ‘मामी, काम करता करता ऐकू नकोस. शांतपणे ऐक.’ आता शांतपणे म्हणजे केव्हा, हे त्या पोरीला कुठलं कळायला! मी आपलं फोन डब्याला टेकवून ठेवला, गाणं लावलं आणि वाल सोलत राहिले.

बाईचा एकटा आवाज, आणि मागं एखादं तंतुवाद्य, तेही अगदी बेताचं. भाषा इटालियन, म्हणजे आम्हां दोघींना अक्षर कळत नव्हतं. मिनिटभरात मावशीचा हात ताटात थांबला.

“कोण गं रडतंय?” तिनं विचारलं.

“अगं, गाणं आहे ते.”

“गाणं असू दे. पण रडतंय कोण?”

मला सांगता येईना. मग भाचीला फोन केला, तिनं जे सांगितलं ते ऐकलं, रात्री आणखी थोडं वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी मावशीला सगळी हकिगत सांगितली. तीच आज तुम्हांला सांगते आहे.

रडणारीचं नाव आरियान्ना. ग्रीक पुराणातली अरिअॅड्नी, तिचं हे इटालियन नाव. क्रीट बेटाचा राजा मायनॉस, त्याची ही मुलगी. त्या राजानं एक भूलभुलैया बांधून घेतला होता आणि त्यात मिनोटॉर नावाचा, अर्धा माणूस अर्धा बैल असा राक्षस कोंडून ठेवला होता. अथेन्स नगरीनं ठरावीक काळानं सात मुलगे आणि सात मुली त्याच्या भक्ष्यासाठी पाठवायच्या, असा दंडक. आपल्याकडच्या बकासुराची आठवण होते ना? तर एका खेपेला अथेन्सचा राजपुत्र थिसिअस स्वतःच त्या चौदा जणांत आला. आरियान्नाचं मन त्याच्यावर बसलं. राक्षसाला मारणं त्याला जमलं असतं, पण भूलभुलैयातून बाहेर यायचं कसं? हिनं त्याला सुताचा गुंडा दिला. एक टोक दाराशी बांध, गुंडा उलगडत आत जा, आणि त्याच सुताच्या मागानं परत ये. युक्ती हिची, पराक्रम त्याच्या नावावर. तो जिवंत बाहेर आला आणि लग्नाचं वचन देऊन हिला जहाजातून घेऊन निघाला. वाटेत नॅक्सॉस बेटावर मुक्काम पडला. ती झोपेत असताना तो जहाज घेऊन निघून गेला.

हीच गोष्ट मी शाळेत नववीच्या मुलींना एका मोकळ्या तासाला सांगितली. एकीनं लगेच विचारलं, “बाई, मग ती आपल्या घरी परत का नाही गेली?” प्रश्न बरोबर होता. पण जाणार कुठं? बापाच्या शत्रूला मदत केलेली. तो राक्षस म्हणजे तिच्याच आईच्या पोटचा, तिचा सावत्र भाऊ, तो हिच्या सुतामुळे मारला गेलेला. माहेरचं दार तिनं स्वतःच्या हातानं लावून घेतलं होतं, आणि सासरचं उघडलंच नाही. मधे फक्त वाळू.

तर या कथेवर १६०८ साली इटलीतल्या मांतुआ शहरात एक ऑपेरा झाला. ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्यांचं संगीत नाटक. आपल्या संगीत नाटकात पात्रं बोलता बोलता पद म्हणतात आणि पुन्हा बोलू लागतात. त्यांच्या या जुन्या ऑपेरात मात्र सगळंच गायचं, साधा निरोपसुद्धा. हा प्रकार १६००च्या आसपास फ्लॉरेन्सला सुरू झाला. तिथल्या काही विद्वान मंडळींची समजूत होती, की प्राचीन ग्रीकांची शोकनाटकं गाऊनच सादर होत. मग आपणही तसं करून पाहू, म्हणून त्यांनी ग्रीक पुराणकथाच हाती घेतल्या. तिथून पुढच्या दीडशे वर्षांच्या संगीताला ‘बरोक’ म्हणतात. त्या पहिल्यावहिल्या ऑपेरांचं काव्य लिहिणाऱ्या ओत्ताव्हिओ रिनुच्चिनीनंच ‘आरियान्ना’चं काव्य लिहिलं. संगीत क्लाउदिओ मोंतेव्हेर्दी याचं. तो मांतुआच्या दरबारात नोकरीला होता.

आणि निमित्त काय असेल? लग्न! युवराज फ्रांचेस्को गोन्झागा आणि साव्हॉयची राजकन्या मार्गेरिता यांच्या विवाहसोहळ्यासाठी हा खेळ बसवला होता. लग्नघरात टाकून दिलेल्या बाईची गोष्ट! आपल्याकडे असं कुणी सुचवलं असतं तर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्याला मांडवाबाहेर काढलं असतं. पण शेवट गोड आहे. बॅकस देव येतो, तिचे डोळे पुसतो आणि तिच्याशी लग्न करतो. म्हणून चाललं असावं.

खरी गोष्ट मात्र पडद्यामागची आहे, आणि मला ती जास्त लागली.

मोंतेव्हेर्दीची बायको क्लाउदिया ही दरबारातल्याच एका वादकाची मुलगी आणि स्वतः दरबारची गायिका. १० सप्टेंबर १६०७ला ती क्रेमोनाला, त्याच्या वडिलांच्या गावी, वारली. पदरात दोन मुलगे, एक सहा वर्षांचा, एक तीन वर्षांचा. त्याआधी एक मुलगी तान्हेपणीच गेलेली. बायको जाऊन दोन आठवडे होतात न होतात तोच दरबारातून पत्र आलं, परत या, लग्नाचं काम आहे. गेला बिचारा. नोकरी होती ना!

त्यांच्या घरी एक मुलगी राहायची, कातेरिना मार्तिनेल्ली. तेरा-चौदा वर्षांची असताना रोमहून मांतुआला आणलेली. गळा असा, की दरबारानं तिला मोंतेव्हेर्दीच्या घरी ठेवून शिकवायला लावलं. घरातलीच झाली असणार ती. आरियान्नाची भूमिका तिच्यासाठीच ठरली होती, तालमी चालू होत्या. मार्च १६०८मध्ये देवीच्या साथीत ती गेली. वय अठरा.

सहा महिन्यांत घरातल्या दोन गाणाऱ्या बायका गेल्या. आणि खेळ तोंडावर आलेला.

मग ऐनवेळी धावून आली व्हर्जिनिया आंद्रेईनी. ही फिरत्या नाटकमंडळीतली नटी, ‘फ्लोरिंदा’ या नावानं ओळखली जायची. राजवाड्यातली मानाची गायिका नव्हे, गावोगाव खेळ करणारी. सहा दिवसांत तिनं ही भूमिका पाठ केली, असं त्या वेळच्या एका पत्रात नमूद आहे. आपल्यातल्या ज्या कुणी स्नेहसंमेलनात ऐनवेळी दुसरीच्या जागी उभ्या राहिल्या असतील, त्यांना सहा दिवस म्हणजे काय ते कळेल.

आणखी एक गंमत सांगते. त्याच फेब्रुवारीत सासू होणाऱ्या एलेओनोराबाईंनी काव्य ऐकून शेरा मारला होता, फार कोरडं आहे, काहीतरी भर घाला. टाकलेल्या बाईचा विलाप त्यानंतर वाढवला असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. तसं असेल तर त्या सासूबाईंचे आभारच मानायला हवेत.

२८ मे १६०८ला खेळ झाला. दरबारच्या बखरकारानं लिहून ठेवलं आहे, की विलाप सुरू झाला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नाही अशी एकही स्त्री तिथं नव्हती. बखरकार दरबाराचाच, तेव्हा थोडं मीठमसाला लावलं असेल असं धरू. पण पुढं काय झालं ते पाहा. या ऑपेराचं संगीत हरवलं. काव्य छापलेलं आहे म्हणून कथा कळते, पण देवांची गाणी, लग्नाचं गाणं, गोड शेवट, सगळ्याचे सूर गेले. उरला तो एवढा दहाबारा मिनिटांचा विलाप. कारण लोकांनी तो उतरवून घेतला, घरोघरी नेला. मोंतेव्हेर्दीनं १६१४ला तो पाच आवाजांसाठी बांधून छापला, १६२३ला एकट्या आवाजाचा छापला, आणि उतारवयात त्याच सुरांवर येशूच्या आईचा शोक बसवला. त्या काळच्या एका संगीतकारानं लिहून ठेवलंय, की ज्या घरात वाद्य आहे त्या घरात या विलापाची प्रत नाही, असं नाहीच.

लग्न हरवलं आणि रडणं तेवढं राहिलं. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “राहायचंच. लग्नातली गाणी कोण लक्षात ठेवतं?”

आता त्या विलापात आहे काय? सुरुवातीला ती एवढंच म्हणते, की मला मरू द्या. सूर जरासा, अर्ध्या स्वरानं वर चढतो आणि तिथून खाली ढासळतो. रडू आवरायला आपण श्वास वर ओढतो आणि तो सुटतो, तसंच. मग ती थिसिअसला हाका मारते, माझा थिसिअस म्हणते, मागं वळून बघ म्हणते. तुझ्यासाठी बाप सोडला, देश सोडला, आणि तू अथेन्सला आनंदात पोचशील तेव्हा मी इथं वाळूवर श्वापदांच्या तोंडी जाईन. कुठं गेली ती वचनं, कुठं गेलं ते सिंहासन, विचारते. आणि मग तिचा तोल जातो. वादळांनो, लाटांनो, सागरातल्या राक्षसी माशांनो, बुडवा त्याला, म्हणून शाप देते. आवाज चढतो, शब्द एकावर एक आदळतात. आणि एकदम थांबते. स्वतःचंच बोलणं ऐकून भ्यायल्यासारखी. म्हणते, हे मी नाही बोलले. माझं दुःख बोललं, जीभ बोलली, मन नव्हतं त्यात.

एवढं सांगून मी थांबले. मला वाटलं, मावशीचे डोळे भरून येतील. आमच्या घरात मावशीची ओळखच तशी आहे. सोशिक म्हणजे मावशी. लग्नानंतर चौथ्या वर्षी, १९७९ साली, नवऱ्यानं दुसरा संसार थाटला आणि ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन माहेरी आली. आजोबांनी दार उघडलं, तेवढं खरं. पण त्याच संध्याकाळी सांगितलं, झालं ते झालं, आता या घरात तो विषय नको. मावशीनं तो विषय काढला नाही. शिवणाचं मशीन घेतलं, गावातल्या बायकांची पोलकी शिवली, भावंडांची लग्नं केली, आम्हां भाचरांना परकर शिवून दिले. “एक शब्द काढला नाही हो कुणाबद्दल,” असं आई कौतुकानं सांगायची. मीही हे वाक्य दहा ठिकाणी कौतुकानंच सांगितलं असेल.

मावशीचे डोळे वगैरे काही भरले नाहीत. ती गहू निवडत राहिली. खडा बाजूला टाकून म्हणाली, “मी नाही बाई परत घेतला.”

“काय?”

“शाप. मी दिला तो दिला. परत नाही घेतला.”

मी बघतच राहिले. चाळीसहून अधिक वर्षं झाली! “तू कधी बोलली नाहीस मावशी.”

“कुणी विचारलं?”

मला उत्तर सुचलं नाही. आपल्याकडे ‘परित्यक्ता’ असा चांगला संस्कृत शब्द आहे, गावात ‘टाकलेली’ म्हणतात. शब्द आहेत, पण त्या बाईला स्वतःला बोलायला मिळावीत अशी दहाबारा मिनिटं आपण तिला देतो का? आपण तिला चहा देतो, अंगणातली कामं देतो, हातात काहीतरी असलं की मन रमतं म्हणतो. आणि ती गप्प राहिली की तिचं कौतुक करतो. तिचं गप्प राहणं आपल्याच सोयीचं असतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

थोड्या वेळानं मावशीनंच विचारलं, “पण तो गेला का म्हणे? कारण काय?”

या ऑपेरात कारण दिलेलं आहे. थिसिअसचा एक सल्लागार त्याला समजावतो, की परकी, शत्रूची मुलगी राणी म्हणून नेलीत तर अथेन्सच्या लोकांना रुचायचं नाही. थोडक्यात, लोक काय म्हणतील! हे ऐकून मावशी हसली. “प्रधानाचं नाव पुढं करतात. जहाजात पाय त्यानंच टाकला ना?”

मग म्हणाली, “आणि ती एकटीच रडत होती तिथं?”

एकटी नव्हती. काव्यात तिच्यासोबत दोरिल्ला नावाची एक बाई आहे, आणि भोवती त्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा मेळा आहे. ती बोलते, मग ते कोळी चार ओळी गातात, मग ती पुन्हा बोलते. तिच्या दुःखावर ते औषध सांगत नाहीत. त्यांच्यानं काही होण्यासारखं नसतंच. तेही हळहळतात आणि थांबतात.

“संपेपर्यंत थांबले?”

“थांबले.”

“मग बरं,” मावशी म्हणाली, आणि सूप घेऊन पाखडायला उठली.

मोंतेव्हेर्दीचं पुढं काय झालं, तेही सांगते. त्या लग्नाच्या कामानं तो इतका खचला, की क्रेमोनाला परत गेल्यावर त्याच्या वैद्य वडिलांनी दरबाराला विनंती केली, माझ्या मुलाला नोकरीतून मोकळं करा. त्यानं स्वतःही काम फार आणि मोबदला थोडा अशी तक्रार लिहिली. पुढं कित्येक वर्षांनी एका पत्रात त्यानं म्हटलं, की ‘आरियान्ना’ लिहिताना वेळ इतका थोडा होता की जीव जायची वेळ आली. १६१२ला मांतुआच्या नव्या राजानं, म्हणजे ज्याच्या लग्नासाठी एवढं केलं त्यानंच, त्याला नोकरीवरून काढलं. १६१३ला तो व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये लागला आणि १६४३ला मरेपर्यंत तिथं मानानं राहिला. आणखी एका पत्रात त्यानं लिहिलंय, की आरियान्ना लोकांना भिडली ती बाईमाणूस होती म्हणून. वाऱ्याला गायला लावलं तर माणसाचं काळीज कसं हलणार, असा त्याचा रोख होता. मला वाटतं, ज्याच्या घरातून सहा महिन्यांत दोन आवाज नाहीसे झाले, त्याला माणसाचं रडणं कसं चढतं आणि कुठं तुटतं हे वेगळं शिकावं लागलं नसेल. पण तो स्वतःच्या दुःखाचं गाणं लिहीत बसला नाही. त्यानं एका टाकलेल्या बाईला तोंड दिलं, तिच्या रागासकट.

मैत्रिणींनो, एरवी मी या पानावर डाग कसे काढावेत आणि डाळी कशा टिकवाव्यात हे सांगते. आज एकच सांगायचं आहे. आपल्या घरी, शेजारी, शाळेच्या फाटकापाशी अशी एखादी भेटली, तर “जाऊ दे गं, विसर आता” हे लगेच म्हणू नका. “देव बघून घेईल” हेही नको. हातातलं काम ठेवून तिच्याजवळ बसा. ती शिव्याशाप देईल, देऊ द्या. परत घ्यायचे की नाही ते तिचं तिला ठरवू द्या. आपण त्या कोळ्यांसारखं तिचं संपेपर्यंत थांबायचं.

आणि हे गाणं ऐकायचं असेल तर मोंतेव्हेर्दी यांचं ‘लामेंतो दारियान्ना’, म्हणजे आरियान्नाचा विलाप, असं शोधा. एकट्या आवाजातलं घ्या. गॅस बंद करून ऐका. माझी भाची म्हणत होती ते खरंच होतं, काम करता करता ऐकायचं ते नव्हेच.

काल दुपारी मी शाळेतून आले तर मावशी दळण आटोपून बसली होती. पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवत म्हणाली, “ते परवाचं रडणं लाव गं जरा.”

लावलं. या वेळी तिच्या हातात काही नव्हतं, आणि माझ्याही. गाणं संपलं तसं मी तिला म्हटलं, “मावशी, सांग आता. पहिल्यापासून.”

संध्याकाळची भाजी राहिली, दिवाबत्तीला उशीर झाला. हे घरी आले तेव्हा कुकरसुद्धा लावलेला नव्हता. त्यांनी आत डोकावून पाहिलं, काय समजायचं ते समजले, आणि स्वतःच तांदूळ धुवायला घेतले.

पुढच्या खेपेला वाळवणांबद्दल लिहीन.